एक्केचाळीस सेकंदांचा उशीर

रविवारी दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी प्रयोगशाळेच्या टेबलावर पुढील वस्तू होत्या: तेलाच्या टाकीत ओळीने उभे केलेले काचेचे अकरा तापमापक, एक नोंदवही, टोक काढलेल्या दोन पेन्सिली, एक लॅपटॉप, दोन फोन आणि पाण्याची एक बाटली. टेबलासमोर एक स्टूल होतं. त्याचा एक पाय आखूड, म्हणून त्याखाली चार घड्यांचा कागद सरकवलेला होता. खोलीत माणूस एकच होता, आणि त्या माणसाचा स्वतःवर गाढ विश्वास होता.

या मुलीला घरी कीपर म्हणत. तिचे बाबा शाळेत खेळाचे शिक्षक होते. एकतीस वर्षं त्यांनी खडीच्या मैदानावर मुलींना हॉकी शिकवली आणि त्यातली सहा वर्षं पोटच्या मुलीला गोलरक्षक म्हणून उभं केलं. मुलगी अभ्यासू. चेंडू कोणत्या कोनातून येतोय, किती वेगाने येतोय, हे ती अगदी बरोबर ओळखायची. फक्त ओळखून होईपर्यंत चेंडू जाळ्यात जाऊन विसावलेला असायचा. मग ती घाबरून बाजूच्या रेषेकडे बघायची आणि तिथून बाबांचा आवाज यायचा, "कीपर, माझ्याकडे बघू नकोस. चेंडूकडे बघ." पुढे ती विज्ञान शिकली, तापमापक आणि नाडीमापक तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली, घरापासून रेल्वेने सतरा तासांवर जाऊन राहिली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

त्या रविवारी देशाच्या मुलींच्या हॉकी संघाचा अंतिम सामना होता. आपला संघ आजवर इथपर्यंत कधीच पोचला नव्हता. बाबांनी या दिवसाची एकतीस वर्षं वाट बघितली, आणि नेमकं गुरुवारी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन एकाच डोळ्याचं, पण एक हलला की दुसराही हलतो म्हणून पट्टी दोन्हींवर. वर डॉक्टरांच्या सूचना: उताणं पडून राहायचं, धक्का नको, झटका नको, उडी तर मुळीच नको, आणि नाडी एकशे दहाच्या आत ठेवायची.

"टीव्ही लागणार नाही," आईने निकाल दिला. "रेडिओही नाही. ते सांगणारे लोक किंचाळतात. मेलेला माणूससुद्धा उठून बसेल."

"मग मी काय भिंतीकडे बघत पडू? तेही पट्टीतून?" बाबा म्हणाले.

तोडगा कीपरने काढला. रविवारी तिची प्रयोगशाळेत पाळी होती, पण काम म्हणजे फक्त दर दहा मिनिटांनी तापमापक वाचणं. मधल्या वेळात सामना ती लॅपटॉपवर बघणार आणि फोनवरून बाबांना सांगणार. आवाज सपाट, आकडे वाचावेत तसा. बाबांच्या बोटाला नाडी मोजायची क्लिप. तिनेच मागच्या सुट्टीत आणून दिलेली, स्वतः तपासलेली. क्लिपवरचा बारीक आकडा आईला दिसत नसे, म्हणून तो दर सेकंदाला कीपरच्या दुसऱ्या फोनवर उमटणार. एकशे दहाच्या वर गेला की कीपरने खरं सांगायचं आणि आईने फोन बंद करायचा. मग सामना संपला, दाद ना फिर्याद.

तिने सगळं तपासलं. टाकीची घरघर इकडून आणि मिक्सरची घरघर तिकडून मध्ये येऊ नये म्हणून दोन्ही फोनांवर जवळचा आवाज तेवढा ठेवून बाकीचा गाळून टाकण्याची सोय चालू केली. नेट तपासलं. क्लिप तर होतीच तपासलेली.

"बाबा, डोळे बंद असू देत की उघडे, तुम्हाला मैदानात बसल्यासारखं वाटेल. एक क्षण चुकला तर माझं नाव बदला."

"नाव राहू दे," बाबा म्हणाले. "वेळेवर हल म्हणजे झालं."

सामना सुरू झाला.

"चेंडू आपल्याकडे," कीपर म्हणाली. "चेंडू डावीकडे. चेंडू उजवीकडे. चेंडू बाहेर."

"बाहेर कोणी घालवला?"

"सात नंबरने."

"कसा?"

"काठीने."

पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला. "अगं, मी सामना ऐकतोय की हवामानाचा अंदाज?"

"नाडी अडुसष्ट. उत्तम चाललंय."

साडेतीनला तिने तापमापक वाचले. वाचताना तोंडाने पुटपुटायची तिची सवय. "सदतीस पूर्णांक शून्य एक, सदतीस पूर्णांक शून्य दोन…"

"अहो, एवढे गोल झाले?" आईने बाबांना विचारलं.

पावणेचारच्या सुमारास पहिली गडबड झाली. मैदानावर काहीही चाललेलं नव्हतं. आपली बचावातली एक मुलगी खाली बसून बुटाची लेस बांधत होती. आणि दुसऱ्या फोनवर बाबांची नाडी सत्तरवरून टणाटण शहाण्णवला गेली.

"बाबा, काय झालं?"

"कुठे काय?"

"नाडी शहाण्णव दाखवतेय."

"लेस सुटलीय म्हणालीस ना? काळजी वाटणारच."

कीपरने नोंदवहीच्या समासात वेळ लिहिली. ती सगळ्याचीच वेळ लिहीत असे. लेस बांधून झाली, चेंडू पुढे गेला, त्यांच्या लोकांनी हिसकावला, तीन फटक्यांत आपल्या गोलापाशी आला आणि आत.

"गोल. त्यांचा. शून्य-एक." तिने हीही वेळ लिहिली.

"काय सांगतेस," बाबा म्हणाले.

म्हणाले खरे, पण कसे? शाळेच्या नाटकात त्यांना एकदा झाडाची भूमिका दिली होती आणि तीही तालमीनंतर काढून घेतली होती. आत्ताचं "काय सांगतेस" त्या झाडासारखं होतं. कीपरला वाटलं, बिचारे भावना दाबताहेत.

दुसऱ्या वेळी पंच कोणाशी तरी बोलत उभे होते. खेळ थांबलेला, खेळाडू पाणी पितायत, आणि नाडी एकशे बारा.

कीपरच्या हातातली पेन्सिल थांबली. एकशे बारा म्हणजे एकशे दहाच्या वर. आता खरं सांगायचं म्हणजे एकतीस वर्षांचा सामना मधूनच तोडायचा. खोटं सांगायचं म्हणजे डोळ्याशी खेळ. तिने आजवर कुठलाही आकडा खोटा सांगितला नव्हता, दहावीच्या गुणांचासुद्धा नाही, आणि ते सांगण्यासारखे नव्हते.

"आई," ती म्हणाली, "एकशे बारा."

आई फोन बंद करील म्हणून ती लगेच पुढे बोलली.

"पण थांब. मैदानावर काहीच चाललेलं नाहीये. कारण नसताना आकडा वाढतो म्हणजे…" त्यांच्या प्रयोगशाळेत नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवत: संशय आधी यंत्रावर, मग माणसावर. "म्हणजे क्लिप बिघडली आहे."

"बिघडलीच असणार," आई इतक्या तत्परतेने म्हणाली की कीपरलाही नवल वाटलं. "सकाळपासून मला तिचं लक्षण ठीक दिसत नव्हतं."

तेवढ्यात खेळ सुरू झाला, आणि सात नंबरने ते केलं. कडेच्या रेषेवरून ती अशी निघाली की चेंडू काठीला शिवून टाकलाय असं वाटावं. एकीला तिने डावीकडे पाठवलं, दुसरीला उजवीकडे, तिसरी स्वतःहूनच बाजूला झाली. मग मान वर न करता तिने चेंडू मागे सोडला, जिथे कोणीच नव्हतं, आणि एका क्षणात तिथे आपली चार नंबर होती.

"गोल," कीपर म्हणाली. सपाट आवाजाला थोडा उंचवटा आलाच. "एक-एक. बाबा, तिने मागे बघितलंसुद्धा नाही."

"बघायचं नसतंच," बाबा म्हणाले. "सोबतीण कुठे असेल ते माहीत असावं लागतं. बरं, मी 'काय सांगतेस' म्हणायचं राहिलं. काय सांगतेस."

क्लिपवर उपचार सुरू झाले. कीपरने आईला एकेक हुकूम सोडला. बोट बदल. बोट पूस. बोट धू. दुसरा हात घे. हात गार असेल तर चोळ.

"तुझे बाबा म्हणतायत, जरा खेळाबद्दलही सांग," आई म्हणाली.

"खेळ चालू आहे. आता क्लिप तू स्वतःच्या बोटाला लाव, म्हणजे तुलना करता येईल."

आईने लावली. नाडी एक्क्याऐंशी. दोन मिनिटं एक्क्याऐंशी, ब्याऐंशी, अगदी गुणी यंत्रासारखी. आणि मग अचानक एकशे एकोणीस.

"आई, तुझीही वाढली."

"माझी ना… जिना चढले की होते तशी."

"तू जिना चढलीस?"

"नाही गं. आठवला."

कीपरने वहीत लिहिलं: क्लिप निश्चित बिघडलेली. लिहून मान वर करते तो त्यांचा दुसरा गोल. एक-दोन.

शेवटच्या दहा मिनिटांत आपल्या मुली जे खेळल्या त्याची नोंद समासात मावेना. एकीच्या ओठाला काठी लागली, ती बाहेर जाऊन कापूस दाबून परत आली. थकलेले दिसत होते ते फक्त पंच. शेवटच्या मिनिटात चार नंबरने जमिनीवर आडवं पडून चेंडू ढकलला आणि दोन-दोन झाले. चार वाजून चाळीस मिनिटांची तापमापकांची नोंद त्या दिवशी कोणीच घेतली नाही.

त्या गोलाच्या आधी, चेंडू अजून मैदानाच्या मध्यात असताना, बाबांच्या बोटावर परत गेलेली क्लिप एकशे चौदा दाखवून बसली होती. आता मात्र कीपरला राहवेना. क्लिप बिघडली असं तिचं ठाम मत होतं, पण मत म्हणजे पुरावा नव्हे. नाडी माणसाने हाताने मोजायला हवी. घराच्या वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहत, बाबांचे जुने मित्र. तिने दुसऱ्या फोनवरून त्यांना गाठलं. त्यांच्या मागे गलका होता. तिला त्यात वावगं वाटलं नाही. त्या दिवशी सगळाच देश गलका करत होता.

"काका, खाली जाऊन बाबांची नाडी मोजाल?"

"आत्ता? अगं, माझ्याकडे अर्धी इमारत जमलीय. शूटआउट आहे."

"आत्ताच, काका."

"मी दातांचा डॉक्टर आहे."

"नाडी तुम्हालाही शिकवली असेलच."

"शिकवली होती. पण पहिली मुलगी निघालीसुद्धा गं."

"अजून कुठे? खेळाडू पाणीच पितायत," कीपर म्हणाली. काका गडबडलेले दिसतात, असं तिने मनाशी ठरवलं. पण काका भले गृहस्थ. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज आला, दार वाजलं आणि मग आई म्हणाली, "आले. नाडी धरली. बहात्तर म्हणतात."

बहात्तर. कीपरने हुश्श केलं.

शूटआउटमध्ये प्रत्येक बाजूच्या पाच जणी. एकेकीने चेंडू घेऊन निघायचं, समोर फक्त गोलरक्षक, आणि हातात आठ सेकंद. आपल्या पाचातल्या तिघींनी गोल केले. त्यांच्या चौघींपैकी दोघींनी केले, दोघींना आपल्या गोलरक्षकाने अडवलं. आता त्यांची शेवटची उरली होती. ही अडवली की संपलं.

पडद्यावर आपली गोलरक्षक हातमोजे घट्ट करत होती. पलीकडची अजून चेंडू ठेवत होती. कीपरने दुसऱ्या फोनवर नजर टाकली.

एकशे अठ्ठावीस.

"काका, हाताने मोजा. किती?"

काकांचा आवाज दबका आला. "चांगली आहे. फार चांगली आहे. तू बोल."

"आकडा सांगा ना."

"आकडा कसला… तू बोल, बाळा."

काकांनी तिला जन्मात कधी बाळा म्हटलं नव्हतं. तिच्या दोन दाढा काढतानासुद्धा नाही. डॉक्टर आकडा सांगत नाहीत, उलट गोड बोलतात, म्हणजे क्लिप बरोबर आणि बाबांचं काहीतरी बिघडलंय. डोळा, झटका, एकशे अठ्ठावीस.

"आई, फोन बंद कर. सामना नंतर. एकशे अठ्ठावीस आहे, फोन बंद…"

"कीपर," बाबा म्हणाले. खडीच्या मैदानावरचा आवाज. "माझ्याकडे बघू नकोस. चेंडूकडे बघ."

तिने बघितलं.

"निघाली," ती म्हणाली. सपाट आवाज कुठल्या कुठे गेला होता. "वेगात येतेय. आपली पुढे आली, बाबा. आली आणि थांबली. ती हलवायला बघतेय, डावीकडे दाखवलं, उजवीकडे दाखवलं, आपली हलतच नाहीये. उभी आहे. पाच सेकंद. नुसती उभी आहे हो. सहा. आता ती वळली, मारला, पाय, पाय गेला, पायाने अडवला. परत मारला, काठीने… आठ. संपले आठ. बाबा, अडवला. जिंकलो."

"काय सांगतेस," बाबा म्हणाले.

आणि त्यांच्या मागून असा आवाज उसळला की आवाज गाळणाऱ्या त्या सोयीने हातच टेकले. तीस-चाळीस माणसं एकदम ओरडत होती. त्यात शिट्ट्या होत्या, कोणीतरी ताट वाजवत होतं.

"आई, घरात किती जण आहेत?"

"तिघंच की गं आम्ही," आई म्हणाली. तिच्या अगदी जवळ कोणाचं तरी तान्हं मूल भोकाड पसरून रडत होतं.

पण कीपर पुढचं विचारायच्या मनःस्थितीत नव्हती. बाबांना उडी मारायची नाही म्हणून चार दिवस बजावणारी ही मुलगी स्वतः स्टुलावरून उडाली होती. चार घड्यांचा कागद एकीकडे गेला, स्टूल दुसरीकडे आणि तिचा गुडघा टेबलाला. टाकी हादरली. तेल शांत झाल्यावर तिने मोजले. तापमापक दहा होते.

सोमवारी दोन गोष्टी झाल्या. सकाळी बाबांची पट्टी उघडली. डोळा ठीक होता. हा माणूस चार दिवस तसूभर हलला नसावा, असं डॉक्टर कौतुकाने म्हणाले. त्याच वेळी इकडे कीपर आपल्या साहेबांसमोर उभी होती.

"तापमापक फुटला, मान्य," साहेब म्हणाले. "नेमका कधी? टाकीला धक्का किती वाजता बसला? त्यानंतरच्या नोंदी धरायच्या की नाहीत ते ठरवायचंय. सेकंदासकट लिहून दे. आणि ती तुझी क्लिप बिघडली म्हणतेस, तिचाही अहवाल जोड. आपणच पास केलेली आहे ती."

कीपर वही घेऊन बसली. एका बाजूला नाडी उसळल्याच्या वेळा, दुसऱ्या बाजूला तिने बाबांना बातमी सांगितल्याच्या वेळा. धक्क्याची वेळ काढता काढता तिने सहज दोन्ही रकान्यांची वजाबाकी केली. त्यांचा पहिला गोल: एक्केचाळीस सेकंद. आपला पहिला: एक्केचाळीस. त्यांचा दुसरा, जेव्हा क्लिप आईच्या बोटाला होती: चाळीस. आपला दुसरा: बेचाळीस. शेवटचा बचाव: एक्केचाळीस.

तिने वजाबाक्या पुन्हा एकदा करून पाहिल्या. बिघडलेलं यंत्र इतकं वक्तशीर नसतं. क्लिप ठणठणीत होती. उशीर लॅपटॉपला होता. नेट तपासलं, क्लिप तपासली, आवाज तपासला. पडद्यावरचं चित्र मैदानाच्या किती मागे आहे, एवढंच तपासायचं राहिलं.

तिने दातांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"काका, तुमच्या टीव्हीचा आवाज खाली ऐकू येतो?"

"टीव्हीचा नाही येत. आमचा येतो. गोल झाला की तुमच्या घरातला पंखा हलतो म्हणे." काका हसले. "तुला कळलं वाटतं. मग सांगूनच टाकतो. पहिल्या गोलाला तुझ्या आईने धावत वर येऊन आम्हाला गप्प करायचं ठरवलं होतं. तुझे वडील म्हणाले, नको, लोकांना ओरडू दे, तेवढं पोरीला कळू देऊ नकोस. ती सांगेल तेव्हाच मला समजलं असं धरायचं. मी नाडी धरायला आलो तर माझंच मनगट धरून ठेवलं. शेवटचा बचाव झाला, वर छत कोसळल्यासारखा आवाज. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. मी तीस वर्षं लोकांना 'आ करा' म्हणत आलोय, पहिल्यांदाच कोणीतरी मला 'मिटा' म्हणालं. तेवढ्यात वरची सगळी पलटण मला शोधत खाली. तुझ्या वडिलांनी पडल्या पडल्या एक हात वर केला, मैदानावर करायचे तसा. अख्खी खोली पुतळ्यासारखी उभी, चाळीस माणसं, तुझ्या तोंडाकडे… म्हणजे फोनकडे बघत. तू तिकडे फोन बंद करा म्हणतेस आणि इकडे आम्हाला हसू की रडू. तो वेळ एवढा लांब, की अख्खा सामनासुद्धा तेवढा वाटला नव्हता मला."

"आणि ते स्वतः?"

"तू 'नुसती उभी आहे' म्हणालीस ना, तेव्हा म्हणाले, बघ, कशी वेळेवर सांगतेय."

कीपरने फोन ठेवला. साहेबांच्या अहवालात धक्क्याची वेळ सेकंदासकट लिहिली, कारणाच्या रकान्यात 'स्टूल' लिहिलं. क्लिपच्या अहवालासाठी मात्र अजून एक मोजणी हवी होती. संध्याकाळी सहाला तिने घरी फोन लावला.

"बाबा, क्लिप लावा जरा. तपासायची राहिलीय."

"लावली. काय गं, बिघडलीय ना ती?"

"बघूया. वरचे काका घरात आहेत?"

"नाहीत. दवाखान्यात गेलेत. वर कोणीच नाही." बाबा म्हणाले. "कीपर, तो शेवटचा परत सांग की. पट्टी एकाच डोळ्यावर आहे आता. दुसरा मिटून घेतो."

तिने सांगितलं. चेंडू ठेवल्यापासून सांगितलं: ती निघाली, आपली पुढे आली, थांबली, नुसती उभी राहिली, सहा सेकंद, आणि मग पाय. एका हातात पेन्सिल होती, समोर घड्याळ आणि आकडा. "अडवला," ती म्हणाली.

"काय सांगतेस," बाबा म्हणाले.

क्लिप निर्दोष. नाडी चौसष्टवरून एकशे सहा. उशीर शून्य सेकंद.